अपडेटने नेमके काय काढून घेतले?

१४ सप्टेंबर २०२१ रोजी मंगळवार होता. मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, त्याप्रमाणे ती त्या दिवशीही निघाली. विंडोज १० साठीचा त्या दिवशीचा संच केबी ५००५५६५ या क्रमांकाने ओळखला जातो. तो बसल्यावर जगभरातल्या कार्यालयांतून एकाच प्रकारची तक्रार येऊ लागली. शेजारच्या टेबलावरच्या संगणकाला जोडलेला आणि नेटवर्कवर शेअर केलेला प्रिंटर कालपर्यंत चालत होता, आज जोडलाच जात नाही. पडद्यावर एक लांबलचक एरर क्रमांक येतो, त्यात बरीच शून्ये आणि शेवटी ‘११बी’. प्रिंटर धड होता, केबल धड होती, शाईही होती. बदलले होते ते एवढेच, की संगणकाला संरक्षण देण्यासाठी आलेल्या अपडेटने संगणकाचे रोजचे एक काम थांबवले होते.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावसारख्या तालुक्याच्या गावात अशा बिघाडाचे वजन किती असते, हे मोठ्या शहरातल्या कार्यालयात बसून चटकन ध्यानात येत नाही. तहसील कचेरीच्या आसपासची सेवा केंद्रे, मुद्रांक विक्रेते, कर सल्लागार, पतसंस्था, गावोगावच्या विकास सोसायट्या यांच्याकडे बहुधा दोन-तीन संगणक आणि एकच प्रिंटर असतो. तो प्रिंटर एका संगणकाला यूएसबीने जोडून बाकीच्यांना वाटून दिलेला असतो. देवराष्ट्रे, वांगी, नेवरी, तडसर इथून माणूस अर्धा दिवस मोडून दाखल्यासाठी किंवा उताऱ्यासाठी येतो. पीककर्जाच्या हंगामात सातबारा आणि आठ-अ यांच्यावाचून पान हलत नाही. २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला, त्याला १५ रुपये पडतात. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा दाखला मुदतीत द्या म्हणतो. या सुधारणा मोलाच्या आहेत, पण शेवटी कागद त्या एका प्रिंटरमधूनच बाहेर यायचा असतो. तो अडला की बाहेर रांग अडते. मग संगणकातला जो कोणी जाणकार बोलावला जातो, त्याला एकच गोष्ट सांगितली जाते: काहीही करा, पण आत्ता चालू करून द्या.

त्यावर सर्वात सोपा इलाज म्हणजे अपडेट काढून टाकणे. कालपर्यंत चालत होते, अपडेट आले, बंद पडले; तेव्हा दोष अपडेटचा, असा हा हिशेब आहे. या प्रकरणात मला या हिशेबाच्या विरुद्ध बाजू मांडायची आहे. माझे म्हणणे असे, की सुरक्षा अपडेटनंतर एखादा घटक बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा त्या अपडेटने एक जुनी, कोणी कधी न तपासलेली सवलत काढून घेतलेली असते. आपला घटक त्या सवलतीवर उभा होता, हे आपल्याला ती गेल्यावर कळते. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो ‘अपडेटने काय बिघडवले’ हा नाही. अपडेटने नेमके काय काढून घेतले, हे विचारायचे. या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पुढची दुरुस्ती फार लहान उरते. ते न शोधता केलेली दुरुस्ती मात्र पुढे महाग पडते.

प्रिंटरच्या बाबतीत हे उत्तर काय होते ते नीट पाहू. विंडोजच्या नेटवर्कवर एक संगणक दुसऱ्याला आपली ओळख पटवतो, तेव्हा अनेक ठिकाणी अजूनही एनटीएलएम नावाची जुनी पद्धत वापरली जाते. त्यात पासवर्ड जसाच्या तसा पाठवला जात नाही. समोरचा संगणक एक प्रश्न टाकतो आणि पासवर्डच्या आधारे गणित करून काढलेले उत्तर परत पाठवायचे असते. पद्धत हुशारीची आहे, पण तिच्यात एक फट आहे. मध्येच घुसलेला तिसरा संगणक हा प्रश्न आणि हे उत्तर इकडचे तिकडे पोचवू शकतो. त्याला पासवर्ड ठाऊक असण्याची गरजच नाही. सोसायटीत सभासदाची खरी चिठ्ठी दाखवून भलताच माणूस खताची पोती उचलून नेतो, तसा हा प्रकार: चिठ्ठी खरी, सही खरी, नेणारा खोटा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले, की विंडोजमधली प्रिंट स्पूलर ही सेवा अशी पोचवलेली ओळख स्वीकारते. स्पूलर म्हणजे छपाईची कामे रांगेत लावणारी सेवा. पण ती संगणकावर सर्वोच्च अधिकाराने चालते, त्यामुळे तिच्यातून आत शिरलेल्याला प्रिंटरपुरते थांबायचे कारण नसते. या त्रुटीला सीव्हीई-२०२१-१६७८ असा क्रमांक मिळाला. त्यावरचा उपाय असा, की प्रिंटर वाटून देणाऱ्या संगणकाने नुसती ओळख पटल्यावर समाधान मानायचे नाही; त्यापुढचा प्रत्येक निरोप त्याच ओळखीतून तयार झालेल्या किल्लीने बंद करून आलेला असला पाहिजे. मधल्या भामट्याकडे ती किल्ली नसते, म्हणून त्याचा डाव तिथेच संपतो.

या कहाणीतली सर्वात महत्त्वाची तारीख मात्र सप्टेंबरातली नाही. हा उपाय मायक्रोसॉफ्टने १२ जानेवारी २०२१ च्या अपडेटमध्येच दिला होता. तेव्हा कुलूप बसवले, पण ते लावायचे की नाही हे वापरणाऱ्यावर सोडले. रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, ‘आरपीसी ऑथएन लेव्हल प्रायव्हसी एनेबल्ड’ नावाची नोंद करून तिची किंमत एक ठेवली की ते लागू होई. सक्ती पुढच्या टप्प्यात येईल असेही जाहीर केले होते, आणि ती सप्टेंबरात आली. मधे आठ महिने गेले. ज्यांनी आपल्या सगळ्या संगणकांवर जानेवारीपासूनची अपडेट्स घेतली होती, त्यांच्यापैकी पुष्कळांचे काम सुरळीत चालू राहिले. जिथे एक संगणक ताजा आणि दुसरा दोन वर्षे मागे अशी स्थिती होती, तिथे हमखास अडले, कारण नव्या अटीने बोलणारा आणि ती अट न समजणारा असे दोघे समोरासमोर आले. सगळे संगणक अद्ययावत असूनही काही ठिकाणी अडचणी आल्या, आणि मायक्रोसॉफ्टला पुढच्या महिन्यांत छपाईच्या आणखी दुरुस्त्या कराव्या लागल्या, हेही खरे. पण मूळ मुद्दा त्याने बदलत नाही. आठ महिन्यांपूर्वी जाहीर झालेला बदल आपल्याला अचानक कोसळलेल्या संकटासारखा भासला.

आता शोध कसा घ्यायचा? ज्या संगणकाला प्रिंटर यूएसबीने जोडला आहे त्याला पहिला म्हणू, दुसऱ्या टेबलावरच्याला दुसरा. पहिल्यावरून पान छापून बघायचे. छापले गेले तर प्रिंटर, केबल आणि त्याचा ड्रायव्हर यांची नावे संशयितांच्या यादीतून गेली. दुसऱ्यावरून पहिल्याचे शेअर केलेले फोल्डर उघडून बघायचे. उघडले तर नेटवर्क, नाव आणि पासवर्ड ठीक. दुसऱ्यावर तेच कागदपत्र पीडीएफ म्हणून छापायचे. झाले तर ज्या प्रोग्रॅममधून छपाई करतो तो ठीक. एवढ्या तीन साध्या चाचण्यांनी संशय दोन स्पूलर सेवांमधल्या बोलण्यावर येऊन थांबतो. मग सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटचा इतिहास दोन्ही संगणकांवर उघडून तारखा शेजारी शेजारी मांडायच्या, आणि शेवटचे पान कोणत्या दिवशी छापले गेले हे तिथे काम करणाऱ्यांना विचारायचे. ही विचारपूस बहुतेक जण टाळतात आणि थेट ड्रायव्हर काढून पुन्हा बसवायला लागतात. त्यात दुपार जाते आणि हाती काही लागत नाही. तारखा जुळल्या तर अपडेट तात्पुरते काढून पाहायला माझी हरकत नाही. चाचणी म्हणून ते रास्त आहे, कारण त्याने संशयाचा पुरावा होतो. पण चाचणी संपली की अपडेट परत बसवायचे असते. डॉक्टरांनी तपासणीपुरते औषध थांबवले म्हणून ते कायमचे बंद होत नाही.

त्या दिवसांत सर्वाधिक पसरलेला तोडगा रजिस्ट्रीतल्या वर सांगितलेल्या नोंदीचा होता: तिची किंमत शून्य करा, स्पूलर पुन्हा सुरू करा, प्रिंटर चालतो. तोडगा खरा होता, प्रिंटर खरोखर चालत असे. पण त्याने जे होई ते असे: मधल्या तिसऱ्यासाठी बंद केलेली वाट पुन्हा उघडली जाई, आणि ती त्या एका दुसऱ्या संगणकापुरती उघडली जात नसे, त्या नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येकासाठी उघडी होई. याहून अरुंद उपाय हाताशी होते. दोन्ही संगणकांवरची अपडेट्स एका पातळीवर आणणे हा पहिला. दुसऱ्या संगणकावर प्रिंटरचा ड्रायव्हर स्वतंत्र बसवून, शेअरच्या पत्त्याचा लोकल पोर्ट तयार करून छपाई करणे हा दुसरा. त्यात स्पूलरच्या त्या संभाषणावरची भिस्तच संपते. आणि प्रिंटरला नेटवर्कची सोय असेल तर त्याला सरळ राउटरशी जोडून त्याचा स्वतःचा पत्ता देणे हा तिसरा, माझ्या मते सर्वात चांगला. मग एक संगणक बंद असला तरी दुसऱ्यावरचे काम अडत नाही. अपडेटने काढून घेतलेली सवलत परत मागण्याऐवजी तिच्याशिवाय चालेल अशी मांडणी करणे, यालाच मी दुरुस्ती म्हणतो.

हाच न्याय डिजिटल सहीला लावून पाहू, कारण ग्रामीण कार्यालयांना तिचा त्रास प्रिंटरहून जुना आणि लांबचा आहे. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर निविदा भरायची तर यूएसबी टोकनमधली डिजिटल सही लागते. बरीच वर्षे ही सही ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावा अॅपलेटमधून होत असे. अॅपलेट म्हणजे संकेतस्थळावरून आलेला आणि आपल्या संगणकावर चालणारा छोटा प्रोग्रॅम. त्याला टोकनपर्यंत पोचायचे तर संगणकावर बराच मोकळा अधिकार लागतो. तोच मोकळा अधिकार चोरांनाही हवा असतो, आणि त्या काळात जावाच्या त्रुटींमधून संगणकात शिरणे हा घुसखोरांचा नेहमीचा मार्ग झाला होता. म्हणून एकामागून एक सवलती काढल्या गेल्या. जानेवारी २०१४ मध्ये जावा ७ च्या ५१ व्या अपडेटने सही नसलेली आणि स्वतःच स्वतःची सही केलेली अॅपलेट्स नेहमीच्या सेटिंगमध्ये अडवली. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने अॅपलेट चालवणाऱ्या प्लगइन्सचा आधार पूर्ण काढला, मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने. एप्रिल २०१७ मध्ये जावा ८ च्या १३१ व्या अपडेटने एमडी५ पद्धतीने सही केलेल्या फाइली बिनसहीच्या मानायला सुरुवात केली. यातले शेवटचे पाऊल विशेष बोलके आहे. एमडी५ मध्ये दोन वेगवेगळ्या मजकुरांचा ठसा एकच निघू शकतो, हे चिनी गणितज्ञ श्याओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्येच दाखवले होते. २०१२ मध्ये उघडकीला आलेल्या फ्लेम या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने त्याच दुबळेपणाचा वापर करून मायक्रोसॉफ्टच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र बनवले होते. म्हणजे २०१७ मध्ये ‘अपडेटने मोडलेली’ सही तेरा वर्षांपासून कच्ची होती. तिच्या कच्चेपणाकडे काणाडोळा करणे तेवढे त्या दिवशी थांबले.

अशा वेळी कार्यालयांत दोन प्रकारचे इलाज चालत. एक, जावाची जुनी आवृत्ती शोधून बसवायची, सुरक्षेची पट्टी खाली ओढायची आणि वर ‘अपडेट करू नका’ असे सांगून ठेवायचे. दुसरा, जावाच्या नियंत्रण पटलात अपवाद म्हणून त्या एका संकेतस्थळाचा पत्ता नोंदवायचा. ही सोय ५१ व्या अपडेटमध्येच दिलेली होती. दोन्हींनी सही होत असे, म्हणून वापरणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटत. पण पहिल्याने त्या संगणकावर येणाऱ्या जगातल्या प्रत्येक संकेतस्थळाला मोकळीक मिळे, दुसऱ्याने फक्त एकाला. सवलत द्यावीच लागली तर ती कोणाला, किती आणि कधीपर्यंत हे ठरवून द्यावी, एवढाच यातला फरक आहे, आणि सुरक्षेचा सगळा व्यवहार या फरकावर चालतो.

पुढे अॅपलेट गेली आणि त्यांच्या जागी आपल्याच संगणकावर चालणारा सहीचा छोटा प्रोग्रॅम आला. जीएसटीच्या संकेतस्थळासाठी वापरला जाणारा एमसायनर हे त्याचे परिचित उदाहरण. संकेतस्थळाचे पान ब्राउझरमधून १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याच संगणकाला, हाक मारते आणि टोकनमधून सही मागते. आधारसाठी बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिसही अशीच चालते. ती त्याच पत्त्यावर ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या पोर्टपैकी एकावर वाट बघत असते. मांडणी अॅपलेटपेक्षा बरी आहे, पण तिच्यातही एक गृहीतक दडलेले होते: कोणत्याही संकेतस्थळाने आपल्या संगणकाच्या आतल्या सेवेला हाक मारली तर ब्राउझर अडवणार नाही. जून २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की मेटा आणि यांडेक्स यांची अँड्रॉइड अॅप्स नेमक्या याच वाटेने, फोनच्या आतल्या पत्त्यावरून, माणूस ब्राउझरमध्ये काय बघतो याची ओळख जुळवत होती. ऑक्टोबर २०२५ मधल्या क्रोमच्या १४२ व्या आवृत्तीपासून संकेतस्थळाला अशी हाक मारण्याआधी वापरणाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. त्या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान चौकट येते. घाईत कोणी तिला नकार दिला, तर पुढे पान नुसते यंत्र सापडत नाही एवढेच सांगू शकते. मग यंत्र काढून लावले जाते, ड्रायव्हर बदलला जातो, नवे यंत्र घेण्याची भाषा सुरू होते. पत्त्याच्या पट्टीतल्या खुणेवर टिचकी मारून त्या एका संकेतस्थळाला परवानगी देणे, एवढेच काम असते.

आता माझ्या म्हणण्यावरचे आक्षेप. पहिला आणि सर्वात वजनदार आक्षेप असा, की अपडेटच सदोष असू शकते. दरवेळी जुन्या सवलतीला दोष देणे म्हणजे कंपन्यांना मोकळे सोडणे. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याचे पुरावे ठळक आहेत. डिसेंबर २०१४ च्या ऑफिस अपडेटनंतर एक्सेलमधली अॅक्टिव्हएक्स बटणे एकाएकी मुकी झाली. पगारपत्रकापासून व्याजाच्या तक्त्यापर्यंत ज्या ज्या फाइलींत अशी बटणे होती त्या अडल्या. कारण असे निघाले, की त्या बटणांच्या रचनेची एक नक्कल एक्सेल ‘ईएक्सडी’ शेपटीच्या फाइलीत जपून ठेवते. अपडेटने मूळ रचना बदलली, जुनी नक्कल तशीच राहिली आणि दोन्हींचा मेळ बसेना. एक्सेल बंद करून तात्पुरत्या फोल्डरमधल्या त्या फाइली पुसल्या, की पुढच्या वेळी एक्सेल नवी नक्कल तयार करी आणि बटणे बोलू लागत. इथे वापरणाऱ्याची काहीच चूक नव्हती. १९ जुलै २०२४ चे उदाहरण तर सगळ्यांना आठवत असेल. प्रिंटरची त्रुटी शोधणाऱ्या त्याच क्राउडस्ट्राइकने आपल्या संरक्षक सॉफ्टवेअरसाठी पाठवलेल्या एका सदोष फाइलीने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी फाइल निघाली, १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. तेवढ्या ७८ मिनिटांमुळे देशातल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिण्याची वेळ आली.

पण या दोन्ही उदाहरणांत उपाय काय होता तेही बघावे. एक्सेलच्या बाबतीत अपडेट ठेवून शिळी नक्कल पुसली गेली. क्राउडस्ट्राइकच्या बाबतीत सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढली गेली; संरक्षक सॉफ्टवेअरच कायमचे उखडून टाका, असे कोणी शहाण्याने सांगितले नाही. दोष अपडेटचा असो की जुन्या सवलतीचा, शोधाची शिस्त तीच राहते: नेमका तुकडा वेगळा काढायचा आणि तेवढ्यालाच हात लावायचा. या आक्षेपातून एक चांगली सवयही शिकता येते. कार्यालयातल्या सगळ्या संगणकांवर अपडेट एकाच वेळी घेऊ नये. एकावर आधी घ्यावे, त्यावर प्रिंट, डिजिटल सही, ठशाचे यंत्र, हिशेबाचे सॉफ्टवेअर अशी रोजची कामे करून बघावीत, आणि दोन-तीन दिवसांनी बाकीच्यांवर घ्यावे. तीन संगणकांच्या कार्यालयालाही हे जमते.

दुसरा आक्षेप गावाकडे हमखास ऐकू येतो: आमच्यावर कोण हल्ला करणार, आमच्याकडे आहे काय? हा समज मला सर्वात घातक वाटतो, कारण तो नम्रतेतून येतो आणि म्हणून खरा भासतो. मे २०१७ मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने, कोणाचे नाव-गाव विचारले नाही. ज्या संगणकावर दोन महिने आधी, १४ मार्चला, निघालेले अपडेट नव्हते तो त्याचा. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, तसाच पसरणारा नॉटपेट्या आला आणि न्हावाशेवा बंदरातल्या मर्स्क या जहाज वाहतूक समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. नॉटपेट्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या दूषित अपडेटमधून झाली होती, हेही मी लपवत नाही. अपडेट कोणाकडून येते हे बघावेच लागते. पण एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरायला त्याने ज्या वाटा वापरल्या, त्यांतली एक मार्चमध्येच बुजवलेली होती. आणि गावाच्या अगदी जवळचे उदाहरण जुलै २०२४ च्या अखेरचे आहे. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकप्रणाली पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तिला तात्पुरते व्यवहारजाळ्याबाहेर ठेवले, आणि देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार हल्ल्याची सुरुवात एका भागीदार कंपनीच्या जेन्किन्स सर्व्हरवरून झाली, आणि वापरलेल्या त्रुटीची दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्येच निघालेली होती. सहा महिने न बसवलेले एक अपडेट, आणि ऐन खरिपात खेड्यातल्या खातेदाराचे पैसे अडकलेले. आमच्याकडे आहे काय, या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर मला सुचत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि माणसाचा आहे. तालुक्याच्या गावात पूर्णवेळ संगणक अभियंता कोण ठेवणार, आणि रांग उभी असताना तीन चाचण्या कोण करणार? ही अडचण खरी आहे. रांगेतल्या माणसाचे काम त्या दिवशी व्हायलाच हवे, त्यासाठी तात्पुरती वाट काढली तर मी तिला चूक म्हणणार नाही. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन पहिल्या संगणकावरून छापणे हीसुद्धा तात्पुरती वाटच आहे, आणि तिने कोणतेही कुलूप निघत नाही. पण रजिस्ट्री बदललीच, अपडेट काढलेच, तर ते लिहून ठेवायला अभियंता लागत नाही. संगणकाशेजारी एक साधी वही पुरते: कोणत्या दिवशी, कोणत्या संगणकावर, काय बदलले, कोणी बदलले आणि परत कधी पूर्ववत करायचे. तात्पुरता बदल कायमचा होतो तो कोणी तसे ठरवतो म्हणून होत नाही. तो केला होता हे कोणाच्या लक्षातच राहत नाही. सरकारी संकेतस्थळे चालवणाऱ्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. जावाची जुनी आवृत्ती बसवा, सुरक्षा कमी करा, ब्राउझरचा इशारा आला तर पुढे जा, अशा सूचना ज्या ज्या मदतपुस्तिकांतून दिल्या गेल्या, त्यांनी हजारो कार्यालयांना इशारा दुर्लक्षायची सवय लावली. ती सवय खालच्या कर्मचाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्या संगणकांना विंडोज ११ चालत नाही, त्यांच्यासाठी मुदतवाढीची योजना आहे. तिची चौकशी करून नोंदणी करावी, नाहीतर इथून पुढे सापडणारी प्रत्येक फट त्यांच्यावर उघडीच राहील. आणि एक विनंती. आपल्या कार्यालयात २०२१ च्या सप्टेंबरात किंवा त्यानंतर शेअर केलेला प्रिंटर अडला होता आणि कोणीतरी येऊन पाच मिनिटांत चालू करून दिला होता, असे असेल, तर प्रिंटर जोडलेल्या संगणकाच्या रजिस्ट्रीत, सिस्टिमच्या भागातल्या कंट्रोलखालच्या ‘प्रिंट’ या विभागात, ‘आरपीसी ऑथएन लेव्हल प्रायव्हसी एनेबल्ड’ ही नोंद आहे का ते जाणकाराकडून बघून घ्या. तिची किंमत शून्य असेल तर आधी सगळ्या संगणकांवरची अपडेट्स पूर्ण करा, मग तिथे एक लिहा आणि दुसऱ्या टेबलावरून एक पान छापून बघा.